आवाज ठेवायचा कुठे?

आमच्या आत्याचा आवाज मी एकदा हरवला आहे. चोराने नेला नाही, आगीत गेला नाही; चांगला विचार करून, माझ्या स्वतःच्या हाताने हरवला. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी आहे असे मला बरीच वर्षे वाटत नव्हते. पण अलीकडे ज्या घरी जावे तिथे कपाटाच्या वरच्या फळीवर कॅसेटींचा एखादा खोका दिसतो, आणि घरातले कुणीतरी म्हणते, ‘एकदा हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय.’ मग मला राहवत नाही. हा लेख त्या खोक्याच्या मालकांसाठी आहे.

आत्या कराडजवळच्या आमच्या गावी राहायची. १९८६ च्या दिवाळीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवा टू-इन-वन घेतला होता. नव्या वस्तूचा उत्साह म्हणा किंवा काही ओळखून म्हणा, त्यांनी तो गावी नेला आणि आत्या दळायला बसली की शेजारी ठेवून सुरू केला. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. पण डाळ भरडायला, मेतकुटाला आत्याचे जाते अजून निघायचे. तासातासाच्या चार कॅसेटी अण्णांनी भरल्या. आत्या माइकसाठी गात नव्हती. ती दळत होती आणि दळता दळता ओवी येत होती. जात्याची घरघर, वैरण घालताना क्षणभर मंदावलेला हात, काचेच्या बांगड्या आणि या सगळ्यातून वाट काढणारा तिचा किंचित खरखरीत आवाज. १९९८ साली आत्या गेली.

२००४ साली मी तो ‘कॉम्प्युटरवर घेतला’. चारपैकी दोनच कॅसेटी माझ्याकडे होत्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते कुणाला आठवेना. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या माइकच्या भोकात घातली आणि आवाज उतरवून घेतला. त्या काळी स्वतःची वेबसाइट करायला फुकट जागा मिळत असे. मलाही मिळाली होती, पंचवीस मेगाबाइट. तिथे मी आमच्या घराण्याचे पान मांडले होते. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, कोपऱ्यात फडफडणारा झेंडा आणि तळाशी आजवर किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा. आज ते आठवून हसू येते, पण तेव्हा छाती फुगली होती. आता त्या पंचवीस मेगाबाइटमध्ये दोन तासांचा आवाज बसवायचा तर तो सेकंदाला चोवीस किलोबिट इतका बारीक करणे भाग होते. मी केला. फोनच्या तारेवरून न अडखळता वाजायचा तर त्याहून फारसा जाड आवाज चालणारही नव्हता. परदेशातल्या चुलतभावाने तो ऐकला, डोळ्यांत पाणी आले असे कळवले. मी कृतार्थ झालो.

दोन वर्षांनी घर बदलताना मी तो कॅसेटींचा खोका भंगारवाल्याला दिला. ‘कॉम्प्युटरवर आहे की!’ हे वाक्य मीच उच्चारले होते. पुढे ती फुकट जागा देणारी सेवा बंद झाली. तशी सूचना म्हणे आधी आली होती. पण ज्या ई-मेलच्या पत्त्यावर आली तो मी केव्हाच सोडला होता. त्यानंतर जुन्या संगणकाची डिस्क गेली. अखेर एका पिवळट पडलेल्या सीडीवर त्या फाइली मिळाल्या, आणि आज आमच्याकडे त्या दोन कॅसेटींचे तेवढेच उरले आहे.

फाइली वाजतात. आत्या काय म्हणते ते कळते. पण जाते पाण्याखाली दळते आहे असे वाटते. घरघरीच्या जागी एक गुळगुळीत, हेलकावणारा फुसफुसाट आहे. बांगड्या पत्र्याच्या वाटतात. आत्याच्या आवाजातली खरखर, जिच्यावरून आम्ही पोरे तिला अंधारातही ओळखत होतो, ती पुसून टाकली आहे. शब्द राहिले आणि आत्या गेली.

असे का व्हावे? ज्याला आपण एमपी-थ्री म्हणतो त्याची युक्ती मुळात फार हुशारीची आहे. लग्नाच्या मांडवात सनई-चौघडा चालू असताना शेजारचा कुजबुजला तर आपल्याला ऐकू येत नाही. तो बोललेला असतो, पण आपल्या कानापुरता तो बोललेला नसतोच. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा फायदा घेतला. मोठ्या आवाजाच्या आड दडणारे लहान आवाज कानाला कळणारच नसतील तर ते साठवायचे कशाला? ते टाकून द्यायचे. ही युक्ती तावूनसुलाखून घेताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे पुन्हा पुन्हा वापरले. त्यात वाद्याची साथ नाही, एकट्या बाईचा आवाज आहे. आणि सुरुवातीच्या प्रयोगांत तोच आवाज सर्वांत वाईट बिघडत होता. साथ नसलेला माणसाचा आवाज लपवाछपवी सहन करत नाही, हे तिथल्या अभियंत्यांना त्या गाण्याने शिकवले. मला ते वीस वर्षांनी आत्याने शिकवले.

थोडे टाकले तर बिघडत नाही. प्रमाणाबाहेर टाकले की बिघडते. त्यातही घरघर, पावसाची सर, टाळ्यांचा कडकडाट असे ठरावीक सूर नसलेले आवाज या पद्धतीला सर्वांत जड जातात. संगणकाच्या हिशेबी असा आवाज म्हणजे कचरा, आणि जागा अपुरी पडली की त्याच्यावरच पहिली कुऱ्हाड पडते. आता जात्यावरच्या ओवीतून जाते काढले तर मागे काय राहते? जुन्या तारेचे उदाहरण घ्या. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण तार कशी असे ते पुष्कळांना आठवत असेल. चार पानांचे पत्र दहा शब्दांत बसवायचे. निरोप पोहोचतो. पण आईचे अक्षर, खोडलेली ओळ, शाईवर पडलेला थेंब हे तारेत येत नाही. मी आत्याची तार केली आणि पत्र भंगारात घातले.

एमपी-थ्रीला दोष देण्याचा इथे मुळीच हेतू नाही. तो गरजेपोटी जन्मला. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळी. हिशेब केला तर एका मिनिटाच्या ध्वनीला दहा मेगाबाइटच्या वर जागा लागते. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या सुमाराचा २८.८ किलोबिटचा मोडेम धरला तर असा एक मिनिटाचा ध्वनी उतरवायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला असता, तोही मध्ये कुणाचा फोन आला नाही तर! तेव्हा आवाज बारीक करणे हा शहाणपणा होता. त्याहीपूर्वी, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा अख्खा राग तीन मिनिटांत आवरावा लागे. तेव्हाही यंत्राने जेवढे मावेल म्हटले तेवढेच मागे राहिले. प्रत्येक पिढीला तिच्या यंत्राने कात्री दिली आहे.

प्रश्न असा आहे, की ती कात्री चालवण्याचे कारण आज उरले आहे का? डिस्क स्वस्त झाली. खेड्यातल्या मोबाइलवरही चित्रपट चालतो. अडचण गेली, पण सवय राहिली. आजही घरोघरचे आवाज निरोपांच्या आदळआपटीत आणखी बारीक होत चालले आहेत. आजोबांच्या सत्काराचे भाषण भाचा मोबाइलवर टिपतो, निरोपातून मामाला पाठवतो, मामा ते दुसऱ्या कशात तरी चढवतो, तिथून चौथा उतरवून घेतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षरे जशी फुटत जातात, तसा दर वेळी नव्याने पिळला जाणारा आवाज विरत जातो.

आता आत्याच्या गोष्टीचा दुसरा भाग. २०२१ साली माझ्या आतेबहिणीने गावच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या खाली उरलेल्या दोन कॅसेटी सापडल्या. अण्णांनीच त्या आत्याला दिल्या असाव्यात. तिचा फोन आला तेव्हा पहिले वाक्य होते, ‘दादा, या वेळी घाई करू नकोस.’

मी घाई केली नाही. फितीवर पांढरट बुरशी होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच. जाणत्या माणसाकडून ती साफ करून घेतली. एका कॅसेटीतली फीत हेडवर दाबून धरणारी कापसाची बारीक गादी निखळली होती, म्हणून फीत नव्या कवचात घातली. चांगला प्लेअर मिळवला, हेड स्वच्छ केले आणि फितीशी असलेला त्याचा कोन नीट लावून घेतला. तो कोन जरासा चुकला तरी वरचे सूर बुजतात. मग ध्वनीची नोंद सेकंदाला ४८,००० वेळा आणि प्रत्येक नोंद २४ बिटांची, अशा मापाने उतरवून घेतली. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान एवढे माप ठेवा असे सांगते. कुणी म्हणेल, साध्या टू-इन-वनवरच्या कॅसेटीला एवढा थाट कशाला? पण मूळ फीत गरीब आहे म्हणून तिच्यातले आणखी थोडे टाकून द्या, हा न्याय कुठला? जे आहे ते सगळे हाती असेल तर उद्याच्या एखाद्या यंत्राला त्यातला खरखराट काढता येईल. टाकून दिलेले मात्र कुठल्याच यंत्राला परत आणता येणार नाही. ते फार तर नवे बनवून देईल, आणि बनवलेली आत्या आम्हाला नको आहे.

या मापाने तासाभराची फाइल सुमारे ५१८ मेगाबाइटची झाली. ती मी फ्लॅक या पद्धतीने बांधली, तेव्हा साडेतीनशेच्या आसपास आली. जागा वाचली, पण एक कणही गेला नाही. हे कसे, असे आतेबहिणीने विचारले. मी तिला वाण्याच्या यादीचे उदाहरण दिले. दर महिन्याला किराणाची अख्खी यादी लिहिण्याऐवजी आपण लिहितो, ‘मागच्यासारखेच, फक्त साखर अर्धा किलो जास्त, पोहे नकोत.’ चिठ्ठी दोन ओळींची; पण तिच्यावरून वाणी पूर्ण सामान बिनचूक बांधतो. फ्लॅक तेच करते. आवाजाची पुढची नोंद काय असेल याचा मागच्या नोंदींवरून अंदाज बांधते आणि तो किती चुकला तेवढेच लिहून ठेवते. वाजवताना अंदाज अधिक चूक अशी बेरीज केली की मूळ नोंद जशीच्या तशी. फाइलीच्या माथ्यावर मूळ ध्वनीचा आकडेरूपी अंगठाही उमटवलेला असतो; उद्या त्यात काही बिघडले तर अंगठा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. हे काम जॉश कोलसन या प्रोग्रॅमरने २००० साली हाती घेतले, २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि ती पद्धत कुणालाही वापरायला मोफत आहे.

गंमत अशी, की जात्याच्या घरघरीचा अंदाज फ्लॅकलाही नीट बांधता येत नाही. म्हणून तिथे फाइल फुगते. एमपी-थ्रीला घरघर जड झाली तेव्हा त्याने ती टाकली; फ्लॅकला जड झाली तेव्हा त्याने जागा जास्त मागितली, पण घरघर सांभाळली. दोन्हींत फरक काय, असे मला कुणी विचारले तर मी एवढेच सांगतो.

कॅसेट लागली. जाते फिरले, बांगड्या वाजल्या आणि आत्याने पहिली ओवी उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. आतेबहीण म्हणाली, ‘आईचा गुडघा वाजतोय बघ.’ खरेच वाजत होता.

आता हा आवाज ठेवायचा कुठे? एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेत टाकून द्या, जगभर ऐकता येईल, हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. पण मी एकदा भाड्याच्या खोलीत संसार मांडून पाहिला होता. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपापली पाने मांडली होती. ती वसाहत २००९ साली उठवली गेली. मायस्पेसवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर हलवताना गेले, हे २०१९ मध्ये उघड झाले. पाच कोटींहून अधिक गाणी, असा आकडा तेव्हा सांगितला गेला. त्यातली पाच लाखांच्या जवळपास वाचली, कारण काही अभ्यासकांनी पूर्वी केव्हातरी त्यांच्या प्रती आपल्याकडे करून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी इंटरनेट आर्काइव्हला दिल्या. ज्याची प्रत दुसरीकडे होती ते राहिले. बाकीच्यांचे राम म्हटले.

या कंपन्या दुष्ट आहेत असे नाही. पण आपला आवाज जपणे हा त्यांचा व्यवसाय नाही. शिवाय अशा बहुतेक जागी आपण दिलेला ध्वनी ऐकणाऱ्यापर्यंत जातो तो पुन्हा पिळूनच. संगीत विकणाऱ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत ‘लॉसलेस’ म्हणजे घट न झालेल्या ध्वनीचे दुकान मांडले आहे. ॲपलने २०२१ मध्ये ते सुरू केले, स्पॉटिफायने २०२५ मध्ये. नामवंतांचे संगीत पूर्ण रूपात ऐकण्यासाठी आपण पैसे मोजतो. आमच्या आत्याला हा मान कोणती कंपनी देणार? तो घरच्यांनीच द्यायचा.

म्हणून मी पुन्हा स्वतःची वेबसाइट केली. ती करणे वाटते तेवढे अवघड नाही, हे आवर्जून सांगतो. तीन गोष्टी लागतात. एक नाव, म्हणजे पत्ता, जो वर्षाच्या भाड्याने नोंदवता येतो. दुसरी, थोडी जागा, म्हणजे कुणाच्या तरी सर्व्हरवर आपल्या फाइली ठेवण्याची सोय. ही जागा भाड्याचीच असते, पण पत्ता आपला असतो. जागेचा मालक बिघडला तर बिऱ्हाड हलवायचे, पत्ता तोच राहतो. तिसरी गोष्ट, पान. साध्या मजकुराची एक फाइल आणि तिच्यात ‘इथे हा ध्वनी वाजवा’ असे सांगणारी एक ओळ. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेले वेब १९९३ साली त्यांच्या सर्न या संस्थेने सर्वांना मोफत खुले केले, ते याचसाठी, की पान मांडायला कुणाची परवानगी लागू नये. भाच्याने एका रविवारी दुपारी चहाच्या दोन फेऱ्यांत मला हे शिकवले. वर्षाचा सगळा खर्च घरी येणाऱ्या वर्तमानपत्राच्या बिलाहून फारसा अधिक नाही.

एवढी मोठी फाइल अख्खी उतरेपर्यंत ऐकणाऱ्याने ताटकळायचे का? तसे नाही. ब्राउझर सर्व्हरकडे मागणी करतो ती हप्त्याहप्त्याने. ‘अमुकाव्या बाइटपासून तमुकाव्यापर्यंतचे द्या.’ तेवढे आले की वाजायला लागते. ते वाजेपर्यंत पुढचा हप्ता येतो. मधूनच ऐकायचे असेल तर मधलाच हप्ता मागायचा. त्यासाठी वेगळे महागडे यंत्र लागत नाही, सर्व्हरने असे तुकडे देण्याची तयारी ठेवलेली असली म्हणजे झाले. जागा घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. आत्याच्या ध्वनीला सेकंदाला आठशे किलोबिटपर्यंत वेग लागतो. आजच्या साध्या मोबाइल जोडणीलाही तो झेपतो. २०१७ पासून सगळे प्रमुख ब्राउझर फ्लॅक थेट वाजवतात. गावी जोडणी कच्ची असते म्हणून शेजारी एक हलकी प्रतही ठेवली आहे. एक खरे सांगतो: चांगल्या मापाने केलेली हलकी प्रत आणि पूर्ण प्रत यांतला फरक नुसत्या कानाने ओळखणे बहुतेकांना जमत नाही, मलाही नाही. हलकी प्रत ऐकायला पुरते. पूर्ण प्रत हवी ती ठेवायला आणि पुढे द्यायला.

पानावर मी एक गोष्ट मुद्दाम केली आहे. २००४ ची ती पाण्याखालची फाइलही ठेवली आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे, ‘ही मी अशी केली.’ दोन्ही लागोपाठ ऐकली की कपाटावरचा खोका भंगारात टाकायला कुणाचा हात धजणार नाही, एवढीच आशा.

पण सगळेच चव्हाट्यावर मांडायचे का? हा प्रश्न मला त्या दुसऱ्या कॅसेटीने घातला. जाते ही बायकांची मन मोकळे करायची जागा होती. तिथे आत्याने सासरच्या काही गोष्टी म्हटल्या आहेत, नावांनिशी. ती माणसे गेली, पण त्यांची नातवंडे गावात आहेत. मी आतेबहिणीला विचारले. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, ‘आई हे जात्याला सांगत होती, गावाला नाही. ती बाजू घरातच राहू दे. पण पुसू नकोस. आमच्या पोरींना ती केव्हातरी ऐकू दे.’ म्हणून आमच्या साइटला ओसरी आहे आणि माजघरही आहे. ओसरीवर कुणीही यावे. माजघराला कुलूप आहे आणि किल्ली घरातल्या चौघींकडे आहे. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे ज्याचे त्याने ठरवायला आपले घर असावे लागते.

कायद्याचेही भान हवे. घरच्यांनी गायलेले, घरच्यांनी टिपलेले घरच्यांच्या संमतीने मांडायला हरकत नाही. पण त्याच खोक्यात रेडिओवरून उतरवलेली गाणी असतात, मैफलीत चोरून टिपलेले गाणेही असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क पुढची साठ वर्षे टिकतो, आणि शब्द-चाल यांचे हक्क त्याहून निराळे मोजले जातात. ते आपल्या साइटवर मांडू नये. गायक हयात असेल तर त्याला विचारावे. पुष्कळदा आनंदाने होकार येतो.

ज्यांना वाटते की एका घरच्या दळणाकांडणाच्या आवाजाला एवढे काय महत्त्व, त्यांच्यासाठी एक दाखला देतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या जगापुढे येऊ लागल्या. साध्यासुध्या बायकांच्या त्या आवाजांतून अर्ध्या समाजाचा न लिहिलेला इतिहास ऐकू येतो. पण असे अभ्यासक प्रत्येक गावी, प्रत्येक जात्यापाशी पोहोचू शकत नाहीत. आमच्या आत्यापाशी पोहोचले ते फक्त अण्णा आणि त्यांचा टू-इन-वन. तुमच्या घरीही असे कुणीतरी पोहोचले असेल, आणि त्याचा पुरावा कपाटावरच्या खोक्यात असेल.

शेवटचा आक्षेप माझ्या भाच्याने घेतला आणि तो सर्वांत खरा आहे. ‘मामा, तुम्ही गेल्यावर या साइटचं बिल कोण भरणार?’ नाव नोंदवण्याचे पैसे एक वर्ष चुकले की पत्ता जातो. ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. स्वतःचे घर झाले तरी ते धरून ठेवणारा माणूस लागतो. म्हणून साइट म्हणजे कोठार असे मी मानत नाही. ती दार आहे. कोठार तीन ठिकाणी आहे. एक डिस्क माझ्या घरी, एक आतेबहिणीकडे दुसऱ्या गावी आणि तिसरी प्रत सर्व्हरवर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तिन्हींचे ते आकडेरूपी अंगठे ताडून पाहायचे असा नेम केला आहे. कुठे काय आहे, कोणते बिल केव्हा भरायचे, हे विम्याच्या कागदांबरोबर एका वहीत लिहून ठेवले आहे. कॅसेटी आता आहेत तशाच, कोरड्या डब्यात आहेत. भंगारवाल्याला त्या घराचा पत्ता दिलेला नाही.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि काही न बोलता ओसरीवरच्या सगळ्या फाइली आपल्या डिस्कवर उतरवून घेतल्या. वीस मिनिटे लागली असतील. मग त्याने अंगठे जुळवून पाहिले, सगळे जुळले. म्हणजे त्याच्याकडे गेली ती माझ्या आत्याची नक्कल नव्हे. जेवढी आत्या माझ्याकडे आहे तेवढीच त्याच्याकडेही आहे. जमिनीची वाटणी झाली की तुकडे लहान होतात, दागिन्यांची झाली की मने लहान होतात. आवाज पूर्ण ठेवला तर ही एकच इस्टेट अशी आहे, की दहा जणांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला अख्खी येते.

भाचा निघताना म्हणाला, ‘बिल मी भरीन. पण आजीचा गुडघा नक्की कुठं वाजतो ते एकदा दाखवा.’ आम्ही पुन्हा बसलो आणि ऐकले.